तारामतीचं नाक माझ्या गालावर: मूकपटातले फोटो मास्कवर कसे छापावेत?

सुईदोरा (फोंडा) | ६ डिसेंबर २०२०

मंडळी, नमस्कार. एप्रिलपासून घरी मास्क शिवतेय. आधी ब्लाउजपीसच्या तुकड्यांचे, मग सासऱ्यांच्या जुन्या धोतरांचे, नंतर चक्क कापड आणून. आता आमच्या वाड्यावर घरटी एक मास्क शिवणारी आहे, त्यामुळे साध्या मास्कला वीस रुपयेसुद्धा कोणी देत नाही.

इफ्फी (गोव्यातला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) यंदा नोव्हेंबरात झाली नाही, १६ ते २४ जानेवारीला आहे. माझा भाचा सिनेमावेडा. तो म्हणाला, "मावशी, मूकपटातले जुने फोटो छापून मास्क कर, उड्या पडतील." फोटो त्यानेच निवडले, पाच नमुनेही छापून आणले: तारामती, 'कालियामर्दन'मधला बाळकृष्ण, चॅप्लिन, बस्टर कीटन आणि नोस्फेरातू नावाचं एक टकलू भूत.

घोटाळा असा की प्रत्येक कापडावर आख्खा चेहरा छापलाय. चुण्यांचा मास्क म्हणजे सतरा-अठरा सेंटीमीटर उंचीचं कापड तीन चुण्या घालून नऊवर आणायचं. तोंडावर ओढलं की चुण्या उघडतात, पण सगळ्या सारख्या उघडत नाहीत. तारामतीचं कपाळ माझ्या नाकावर आलं, डोळे चुणीत गेले आणि नाक गालावर. सासूबाईंनी विचारलं, "ही कोण गो? पडली कुठे?"

तर आख्खा चेहरा छापावा की फक्त खालचा अर्धा? कापडावर टिकेल असं छापतात कसं? आणि हे जुने फोटो असे वापरले तर कोणी दावा ठोकेल का? नमुन्यातल्या नोस्फेरातूचे दात दुसऱ्या धुण्यातच गेले, हे जाता जाता सांगते.

रीळवेडा | ६ डिसेंबर

ताई, तारामती पडलेली नाही. मुळात ती बाईच नाही. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी बाई मिळेना, म्हणून फाळक्यांनी ग्रँट रोडच्या एका हॉटेलातल्या अण्णा साळुंक्यांना तारामती केलं. हॉटेलात त्यांना महिना दहा रुपये मिळत, फाळक्यांनी पंधरा दिले. पुढे १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम तेच आणि सीताही तेच.

त्या फोटोंत ओठ एवढे काळे का दिसतात तेही सांगतो, कारण छापताना तुमची हीच अडचण होणार. तेव्हाची फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक. तिला लाल रंग दिसतच नसे. लाल ते सगळं काळं उतरे, निळं पांढुरकं पडे. त्यात कापडावर शाई पसरते, म्हणजे काळं आणखी काळं. तुमच्या मास्कवर ओठांच्या जागी भोक पडल्यासारखं दिसेल. फोटो आधी उजळ करून घ्या आणि काळा-पांढरा ठेवण्यापेक्षा तपकिरीकडे झुकवा.

आणखी एक. सिनेमाच्या रिळातून काढलेली फ्रेम वेगळी आणि जाहिरातीसाठी साध्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो वेगळा. भाच्याने रिळातून काढलेलं चित्र दिलं असेल तर त्यावरचे ओरखडेसुद्धा मास्कवर येतील.

माडापाणी | ६ डिसेंबर

म्हणजे तारामतीचा मास्क ताईंच्या यजमानांनी घातला की बाईचं सोंग घेतलेला पुरुष तोंडावर बांधलेला पुरुष. पेडण्यात चालून जाईल, आमच्या दशावतारात अर्ध्या राण्या अशाच असतात. दाढी कोणी वाढवायची एवढंच ठरवा.

सुईदोरा | ६ डिसेंबर

यजमानांनी कालच घातला. शेजारीण म्हणाली, "आज भावजी बरे दिसतात."

म्हापशेकर | ७ डिसेंबर

माझा टी-शर्ट छापायचा धंदा. ताईंचे नमुने सब्लिमेशनने छापलेत, दात गेले म्हणजे तेच. ती शाई तापून वाफ होते आणि पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरते. सुतात ती शिरत नाही, वर बसते आणि साबण लागला की निघाली. नुसत्या सुतीवर सब्लिमेशन मारून देणाऱ्याने एक तर तुम्हाला फसवलंय किंवा त्यालाच माहीत नाही.

सुती हवं तर स्क्रीन प्रिंटिंग करा. पण फोटो म्हटला की हाफटोन आला, म्हणजे सगळा चेहरा ठिपक्यांचा. मास्कएवढ्या जागेत ठिपके मोठे दिसतात, जवळून बघितलं तर चॅप्लिनला देवी आल्यासारख्या. शिवाय प्रत्येक चित्राला वेगळी फ्रेम, दहा-वीस नगांना परवडत नाही. आणि इस्त्रीने चिकटवायचं प्लास्टिकसारखं येतं ते अजिबात नको. श्वास घेताना कोणीतरी तोंडावर हात धरलाय असं वाटतं.

ओपीडीतून | ७ डिसेंबर

डॉक्टर आहे, म्हणून नाक खुपसतो (मास्कच्या आत). जागतिक आरोग्य संघटनेने जूनमध्ये कापडी मास्कबद्दल सांगितलंय ते असं: तीन थर. आतला सुती, ओल शोषणारा. मधला न विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनचा. बाहेरचा पाणी न शोषणारा, म्हणजे पॉलिएस्टर किंवा पॉलिएस्टर मिसळलेला. तेव्हा तुमचं भांडण आपोआप मिटतं. भूत बाहेरच्या पॉलिएस्टरवर छापा, दात टिकतील. आत आजोबांचं धोतर लावा, त्याहून मऊ काही नाही.

रोज धुवा. ओला झाला की बदला. आणि फोटो दिसावा म्हणून नाकाखाली उतरवू नका. कालच एक गृहस्थ आले, मास्कवर वाघ, वाघाच्या वर आख्खं नाक उघडं.

कुळागर | ७ डिसेंबर

बाकी काहीही छापा, बाळकृष्ण नको. आम्ही लग्नपत्रिकेवरच्या गणपतीलासुद्धा कचऱ्यात टाकत नाही. आणि हा दिवसभर शिंका-थुंकीत. उद्या कदंब बसच्या स्टँडवर पायाखाली पडलेला दिसला तर कसं वाटेल?

रीळवेडा | ७ डिसेंबर

कुळागरबाब, तो कृष्ण म्हणजे फाळक्यांची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी. १९१९ चा सिनेमा. गोष्ट सुरू होण्याआधी फाळक्यांनी तिचे नुसते हावभाव दाखवलेत. एकच चेहरा, एकामागून एक भाव. बघणाऱ्याला आधीच कळतं की ही मुलगी आहे आणि आता ती कृष्ण होणार आहे. त्यात देव कुठे आला?

कुळागर | ७ डिसेंबर

तुम्हीच वर 'लंकादहन' काढलात. त्यात राम पडद्यावर आला की लोक पायातल्या वहाणा काढत, हे तुम्हाला माहीत असणारच. राम म्हणजे हॉटेलात काम केलेला माणूस हे काय त्यांना कळत नव्हतं? कळत होतं. तरी काढत.

रीळवेडा | ७ डिसेंबर

हे मात्र मान्य.

सत्तरीचा | ८ डिसेंबर

थोडं अवांतर. आपल्याकडे मुखवटा म्हणजे लपायची वस्तू नव्हेच. पेरणी जागर म्हणून गोव्यातला लोकनाट्याचा विधी आहे, त्यात लाकडी मुखवटे घालतात. मुखवटा चढला की आतला माणूस कोणाचा कोण हे कोणी विचारत नाही. मास्क उलटा. सगळे विचारतात, "कोण रे तू? ओळखलं नाही."

(आमच्या वाड्यावर पोरांनी यंदा दिवाळीच्या नरकासुराच्या पुतळ्यालाच मास्क लावला होता. एवढं मोठं तोंड झाकायला आईची परकराची नाडी गेली.)

माडापाणी | ८ डिसेंबर

नरकासुराने अंतर पाळलं का?

वकीलकाका | ८ डिसेंबर

दाव्याबद्दल. आपल्या १९५७ च्या कायद्यात फोटो आणि सिनेमा दोन्हींना प्रकाशनानंतर साठ वर्षं संरक्षण आहे. फाळक्यांचं सगळं केव्हाच मोकळं झालं. परदेशी मूकपटांचंही इथे तेच. चॅप्लिनपुरतं जपून, त्याच्या वारसांची कंपनी आहे आणि त्याच्या छबीवर ती हक्क सांगते. चार मास्कांसाठी ती फोंड्याला येणार नाही, पण ऑनलाइन विकायला लागलात तर विचार करा.

गंमत म्हणजे तुमच्या टकलूवर खरोखर दावा झाला होता. १९२२ चा सिनेमा, गोष्ट 'ड्रॅक्युला'ची, पण परवानगी न घेता. लेखकाच्या विधवेने कोर्टात खेचलं आणि सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम मिळवला. काही प्रती वाचल्या म्हणून आज तो तुमच्या मास्कवर आहे.

सुईदोरा | ९ डिसेंबर

सगळ्यांचे आभार. बाळकृष्ण विकायला ठेवणार नाही, कुळागरदादांचं पायाखालचं बोलणं मनाला लागलं. नमुना कपाटात ठेवलाय.

खालचा अर्धा चेहरा छापून बघितला, चुण्या न घालता, मधोमध शिवण घेऊन वाटीसारखा शिवला. शिवण बरोबर नाकाच्या रेषेवर घेतली की चेहरा बसतो. चॅप्लिनची मिशी अगदी जागच्या जागी आली. तो घालून म्हापशाच्या बाजारात गेले तर चवळी विकणाऱ्या बाईने विचारलं, "हिटलर कित्याक (कशाला)?" कीटनचं मात्र काही जमत नाही, मास्क रिकामाच वाटतो.

रीळवेडा | ९ डिसेंबर

जमणार नाहीच. त्याचं तोंड कधी हलत नसे, सगळं काम डोळ्यांचं. त्याचं तोंड छापणं म्हणजे पोस्टाचं पाकीट छापण्यासारखं आहे. तुम्ही चेहऱ्यांचा नाद सोडून वस्तू का छापत नाही? १९०२ च्या फ्रेंच मूकपटातला तो चंद्र, ज्याच्या डोळ्यात रॉकेट घुसतं. किंवा मूकपटातला विनोदी नट हॅरल्ड लॉइड ज्याला लटकतो ते घड्याळ.

अबोली (मडगाव) | १० डिसेंबर

मी इथे सहसा लिहीत नाही, नुसती वाचते. पण छापील ओठांवरून राहवत नाही.

माझ्या आईला बारा-तेरा वर्षांपासून ऐकू येत नाही. मशीन आहे, पण ती ते देव्हाऱ्यात ठेवते. ती ओठ वाचते. मार्चपासून तिचं जग बंद झालंय. लॉकडाउनमुळे नव्हे, मास्कमुळे. भाजीवाला, पोस्टमन, बँकेतली मुलगी, सगळे तिच्यासाठी मुके झाले. ती काउंटरसमोर उभी राहते आणि माझ्याकडे बघते.

गेल्या महिन्यात एका दुकानात एक मुलगा ओठ छापलेला मास्क घालून होता, लाल, हसरे ओठ. आई त्या ओठांकडे बघत राहिली. तो बोलत होता, ओठ हलत नव्हते. ती मला खुणेने म्हणाली, "हा हसतोय का?" तो तर तिच्यावर चिडला होता, पुढे सरका म्हणून.

तुम्ही काही वाईट करताय असं मुळीच म्हणत नाही. फक्त सांगावंसं वाटलं.

ओपीडीतून | १० डिसेंबर

आमच्याकडे रोज असे तीन-चार जण येतात आणि आम्ही काय करतो, तर मोठ्याने ओरडतो.

रीळवेडा | १० डिसेंबर

अबोली, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. मी इथे फिल्मच्या रंगांवर लांबलचक लिहीत बसलो आणि हे सुचलंच नाही.

मूकपटांच्या काळात ऐकू न येणारे लोक थिएटरात इतरांच्या बरोबरीने बसत. मधे मधे पाटी यायची, ती सगळ्यांनाच वाचावी लागे. १९३१ मध्ये 'आलम आरा' आला, सगळं बोलायला लागलं, पाट्या गेल्या आणि हे लोक बाहेर पडले. लॉन चेनी म्हणून मोठा नट होता, हजार चेहऱ्यांचा माणूस म्हणत त्याला. त्याचे आईवडील दोघेही बहिरे-मुके. घरात खुणांनी बोलता बोलता तो अभिनय शिकला.

माडापाणी | १० डिसेंबर

मग पाट्याच छापा ना! काळी पाटी, कडेला पांढरी वेलबुट्टी, मधे मजकूर. जुन्या सिनेमासारखं. "हा खोकला नव्हे. ठसका होय."

म्हापशेकर | १० डिसेंबर

पाटीला हाफटोन लागत नाही! सुतीवरसुद्धा स्वच्छ उमटेल. एकच फ्रेम, एकच रंग. "मी हसत आहे."

सत्तरीचा | १० डिसेंबर

"इकडे संध्याकाळपर्यंत नुस्तें (मासे) आले नाही."

ओपीडीतून | १० डिसेंबर

"पुढे सरकू नये. डॉक्टर घाबरट आहेत."

वकीलकाका | ११ डिसेंबर

"सदर इसम काहीही बोललेला नाही."

सुईदोरा | १३ डिसेंबर

अबोली, तुझ्या आईसाठी एक प्रयोग करतेय, तुझा पत्ता निरोपातून पाठव. मधे पारदर्शक खिडकी ठेवून मास्क शिवायचा. दोनदा फसला. प्लास्टिकला सुई घातली की त्या भोकांवर फाटतं, म्हणून कडेने कापडाची पट्टी लावून तीवरून टीप मारली. श्वासाने खिडकी धुरकट होते, त्यावर काय करू?

ओपीडीतून | १३ डिसेंबर

आतून भांड्यांच्या साबणाचा अगदी पुसट हात फिरवून कोरडं पुसा. चष्म्यालाही आम्ही तेच करतो. फक्त प्लास्टिकमधून श्वास घेता येत नाही, म्हणून खिडकी लहान ठेवा आणि भोवती कापड भरपूर. आणि घालायचा कोणी? आईने नव्हे, आईशी बोलणाऱ्याने. तेव्हा एक करू नका, आठ-दहा करा.

अबोली | १३ डिसेंबर

हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

सुईदोरा | २६ जानेवारी २०२१

हिशेब देते. पाट्यांचे साठ केले, सगळे गेले. "मी हसत आहे" सगळ्यात आधी संपला. तो नेणाऱ्यांत दोन बँकवाल्या होत्या आणि त्या बिलकुल हसत नव्हत्या. चंद्र बारा गेले. रॉकेट नेमकं नाकाच्या उंचवट्याशेजारी येतं, त्यामुळे लोक आरशात बघून हसत आणि घेत. चेहऱ्यांचे मात्र पंचवीसातले तीन विकले, त्यातला एक भाच्याने घेतला.

१६ तारखेला इफ्फीचं उद्घाटन आणि लसीची सुरुवात एकाच दिवशी. भाचा थिएटरात एक सोडून एक खुर्चीवर बसून आला. पडदा सोडून आजूबाजूचे मास्कच बघत होतो म्हणाला.

खिडकीवाले नऊ केले. खिडकीभोवती म्हापशेकरांनी पाटीची तीच वेलबुट्टी छापून दिली, पैसे घेतले नाहीत. पुढचं अबोली सांगेल.

अबोली | २७ जानेवारी

चार आमच्या घरात, दोन शेजारी, एक भाजीवाल्याला, एक औषधाच्या दुकानातल्या मुलीला. नववा आईने स्वतःसाठी ठेवला, तिला म्हटलं तुला काय उपयोग, तर म्हणाली, "मी बोलते ते लोकांना नको दिसायला?"

भाजीवाला पहिल्या दिवशी लाजला. काळी चौकट आणि आत पानाने रंगलेले दात. आई त्याच्याशी दहा मिनिटं भांडली, वालीच्या भावावरून. घरी आल्यावर मला म्हणाली, "तो अजून तसाच चोर आहे."

कुळागर | २७ जानेवारी

बाय, आईला नमस्कार सांग.

पावट्याचीउसळ | १४ मे २०२३

धागा वर काढतोय. हे मास्क अजून मिळतात का? आमच्या नाट्यमंडळात 'हरिश्चंद्रा'वर एकांकिका बसवतोय, तारामतीचे हवेत.

सुईदोरा | १४ मे २०२३

उशीर केलात. विकले न गेलेले चेहरे दोन वर्षं पिशवीत पडून होते. गेल्या आठवड्यात मिस्कुट (आंब्याचं लोणचं) घातलं, बरण्यांना दादरा बांधायला कापड शोधत होते, तेव्हा ती पिशवी हाताला लागली. सासूबाई आणि मी दुपारभर बसून चुण्या उसवल्या, बाहेरचा थर काढून टाकायचा म्हणून सुटा केला, आणि तोच जास्त चांगला निघाला. इस्त्री फिरवली तर तारामती पहिल्यांदाच सरळ दिसली. कपाळ कपाळावर, नाक नाकाच्या जागी. सासूबाई म्हणाल्या, "अगो, ही तर बरी आहे की." आता ओळीने चार तारामत्या फळीवर आहेत. तुमच्या एकांकिकेनंतर परत देणार असाल तर दोन सोडून देते, वास येईल एवढं बघा.

माडापाणी | १४ मे २०२३

आणि टकलू?

सुईदोरा | १४ मे २०२३

तो मिठातल्या आंब्यांवर. दात नाहीतच, म्हणून विश्वासाने ठेवलाय.